पुलावरच्या माहेरवाशिणी

काराबुलाक,
१० मे २००६

मेरिमच्या बाबांना,
कनिशायचा वाकून सलाम वि. वि.

पाकिटावर तुमचं नाव मी नेहमीप्रमाणे बसवाल्या तोक्तोकडून घालून घेतलंय. नवऱ्याचं नाव लिहिताना तुझी लेखणी मोडते का, असं तो दर वेळी विचारतो आणि दात काढतो. काढू दे. पत्रं नेतो तोवर त्याला सगळं माफ.

इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे तुमच्याशिवाय जेवढं मजेत राहता येतं तेवढं. मेंढ्यांना यंदा जुळी बरीच झाली. मामंजींची छाती हिवाळ्यात धरली होती, आता मोकळी आहे. दर शुक्रवारी ते तुमच्या घोड्यावर स्वतः खोगीर घालतात आणि नदीपर्यंत फिरवून आणतात. जनावर खोगीर विसरलं तर पोरगा आल्यावर काय करेल, असं शेजाऱ्यांना सांगतात. मला सांगत नाहीत. सुनेशी काय बोलायचं! पण मला ऐकू जाईल अशा बेताने सांगतात.

मेरिमने परवा एका पाहुणीला तुमचा फोटो दाखवला आणि हे आमचे मॉस्को आहेत म्हणून सांगितलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग भांडी घासायचं निमित्त करून बाहेर गेले आणि पोटभर रडून आले.

आता मुख्य बातमी. आधी सगळं वाचा, मग रागवा. सोन्याच्या खाणीवाले आपल्या जायलोवर येणार आहेत. आपलं उन्हाळी कुरण, तो झरा, सगळं नुसतं खणून बघायचंय म्हणतात. गेल्या साली पलीकडच्या खोऱ्यात त्यांनी असंच नुसतं बघितलं, आणि आता तिथले लोक टँकरचं पाणी पितात. गावात बैठक झाली. पुरुष म्हणावेत तर कामाचे सगळे तुमच्यासारखे रशियात. उरले ते म्हातारे आणि बाटलीवाले. तेव्हा आम्ही सुनांनीच ठरवलं. वर जायला पूल एकच. त्या पुलावर लोकरीचे नमदे अंथरून बसायचं. दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, कुणी अंगावर आलं तरी हात वर करायचा नाही. लोकर पिंजायची, चहा प्यायचा आणि बसून राहायचं. बाईच्या अंगावरून गाडी घालणारा अजून आपल्या मुलखात जन्मला नाही, असं सोनूनकाकू म्हणते. बघू.

माझ्या रुखवतातला लाल नमदा मी पुलावर नेणार आहे. खराब होईल म्हणाल. होऊ दे. पाहुण्यांसाठी म्हणून इतकी वर्षं गुंडाळून ठेवला, आणि इथे घरचा माणूस पाहुण्यासारखासुद्धा येत नाही.

लिहिण्यासारखं इतकंच. न लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. लोभ आहेच, तिकडच्या थंडीत तो गोठू देऊ नये.

तुमचीच,
कनिशाय


मॉस्को,
१३ मे

माझ्या कनिशायला,
सुयुनचा सलाम, आणि मेरिमच्या दोन्ही गालांवर एकेक पापा, तू माझ्या वतीने घ्यायचा.

तुझं पत्र यायला अवकाश आहे, पण मला थांबवत नाही. आबांचं पत्र आलं! आबा म्हणजे तुला माहीत आहे, चार ओळींच्या पुढे त्यांचा हात जात नाही. या खेपेला चांगला पानभर मजकूर. तालुक्याचे साहेब स्वतः आपल्या घरी येऊन चहा पिऊन गेले म्हणे. कंपनीला डंपरवर ड्रायव्हर हवेत आणि सुयुनसारखा ड्रायव्हर आसपास नाही, असं साहेब म्हणाले. वरचा रस्ता सुरू झाला की नोकरी माझी. घरून, कनिशाय! सकाळी जायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवायला यायचं. हे वाक्य मी खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. एकजण म्हणाला, पुन्हा वाच.

मी इथे गिलावा करतो. उंचच उंच घरं, सगळी दुसऱ्यांची. एका खोलीत आम्ही सगळे आपल्याकडचे, आळीपाळीने झोपतो. परवा बाजारात एक म्हातारी कुरुत विकत होती, आपले ते दह्याचे वाळवलेले खारे गोळे. एक तोंडात टाकला आणि मला तिथून हलताच येईना. म्हातारीने विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, फार बरं वाटतंय, म्हणूनच.

मुकादमाला सांगून टाकलंय. लोकर कातरायच्या आत मी घरी. बॅग भरून खाटेखाली ठेवलीय आणि रोज एकदा ओढून बघतो. आता फक्त रस्ता तेवढा सुरू होऊ दे. गावातल्या कुणाच्या डोक्यात आडवं पडायचं खूळ शिरू नये एवढीच प्रार्थना.

तुझ्या हातचा चहा माझ्या नावाने रोज एक वाटी ओतत जा, आता फार दिवस नाहीत.

तुझा,
सुयुन


काराबुलाक,
१२ जून

ति. बुरमाकान वन्संना,
धाकट्या भावजयीचा सलाम वि. वि.

खिंडीपलीकडे तुमचं सगळं ठीक असेल. माझं ठीक नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. थोरली नणंद सोडून हे मी कुणाला सांगू?

तुमच्या भावाचं पत्र आलं. ते माझ्या उशीखाली आहे, सोबत पाठवत नाही, त्यातलं सांगते. साहेबांनी मामंजींना शब्द दिलाय की वरचा रस्ता सुरू झाला की तुमच्या भावाला डंपरवर नोकरी. ते तिकडे बॅग भरून बसलेत. आणि इकडे मी त्याच रस्त्यावर नमदा टाकून बसलेय! त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आमची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आता माझं त्यांच्या हातात पडलं असेल. वन्सं, वाचून काय वाटलं असेल हो त्यांना?

आता फजिती ऐका. आमचं पुलावर छान चाललं होतं. पोलीस आले, त्यांना चहा दिला, ते पिऊन गेले. कंपनीच्या ड्रायव्हरांनी दिवसभर भोंगे वाजवले, मग कंटाळून गाड्यांत झोपले. गारा पडल्या, तरी एकजण उठली नाही. मग साहेबांनी डोकं चालवलं. तेही आपल्यातलेच, त्यांच्याही घरी सून आहे. एका सकाळी गाड्यांच्या पुढे गावचे म्हातारे चालत आले. आमचे सासरे, चुलत सासरे, आजेसासरे. सगळ्यांत पुढे डोक्याला पांढरा काल्पाक घालून मामंजी. आणि वन्सं, आम्ही सगळ्याच्या सगळ्या उभ्या राहिलो! हात छातीशी, मान खाली, तीनदा वाकून सलाम. ठरवलं काही नव्हतं, पाय आपोआप उठले. सोनूनकाकूला नातवंडं आहेत, गुडघे गेले म्हणून ती रोज कण्हते, पण सगळ्यांच्या आधी तीच उठली. तिच्या आजारी सासऱ्यांना मुद्दाम घोडागाडीत घालून आणलं होतं. वडील माणसांना वाट द्यायला आम्ही कठड्याशी सरकलो, आणि त्याच वाटेने मागच्या दोन गाड्या वर गेल्या. मान वर केली तेव्हा नुसती धूळ.

पोलिसांना जमलं नाही ते सासऱ्यांनी नुसतं चालून करून दाखवलं. आता रोजचा खेळ झालाय. आम्ही बसलो की ते येतात, आम्ही उठलो की ते जातात, त्यांची पाठ वळली की आम्ही घाईने पुन्हा बसतो, पण हे किती दिवस जमणार? बाकीच्या गाड्या खाली उभ्या आहेत, वाळत घातलेल्या मिरच्यांसारखी त्यांची रांग लागलीय.

आणि एक. हे कुणापुढे बोलू नका. पुलावरून उठले तेव्हा मला पोटातून बरं वाटलं. वाटलं, आपण काही केलं नाही, रीत पाळली. गाडी वर गेली, आता माणूस घरी येईल. घरी आल्यावर या विचाराची अशी लाज वाटली की जेवण गेलं नाही. तरी तो विचार काही जात नाही.

काय करू ते सांगा. रागवायचं तर रागवा, पण लिहा.

तुमची,
कनिशाय


चोंगताश,
२० जून

कनिशायला,
बुरमाकानचा दुवा आणि पाठीत एक धपाटा.

अगं, तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की आमचे हे कुत्रं चावलं का बघायला धावत आले. सोनून सगळ्यांच्या आधी उठली! मग आबांचा राग आला. ज्या माणसाने मला त्या झऱ्यापाशी घोड्यावर बसायला शिकवलं, पडले तेव्हा त्याच पाण्याने माझं नाक धुतलं, तो माणूस गाड्यांपुढे चालतो? संध्याकाळपर्यंत भांडी आपटली. मग राग ओसरला. म्हातारा लेकासाठी चाललाय गं. तू लेकरासाठी बसलीस, तो लेकरासाठी चालला. आता राग धरू तर कुणाचा?

पण तुम्ही सगळ्या बावळट. तुम्ही सुना, तुम्हाला उठावंच लागणार. मीसुद्धा इथे उठते, माझा सासरा खोकला तरी उठते. पण मी काराबुलाकची सून कुठे आहे? मी काराबुलाकची लेक. लेक माहेरी आली की कुठे बसते, दाराशी? नाही, वरच्या अंगाला, बापाच्या मांडीला मांडी लावून, आणि बाप तिच्यासाठी मेंढी कापतो. आलेल्या माहेरवाशिणीला ऊठ म्हणणारा बाप मला आणून दाखव, मी त्याचे पाय धुते. आपल्या गावच्या लेकी या खोऱ्यात आहेत, त्या खोऱ्यात आहेत, दोघी तर पार शहरात आहेत. सगळ्यांना निरोप धाडते. पुलावर आम्ही बसू. तुम्ही मागे उभ्या राहून चहा करा, तुम्हाला तेवढंच नीट येतं.

आता थट्टा पुरे. सुयुन माझा भाऊ, पण नवरा तुझा. आम्ही बसलो तर गाड्या अडतील. गाड्या अडल्या तर त्याची नोकरी गेली, आणि तो कधी येईल ते खुदा जाणे. रिकामं अंथरूण तुझं आहे, माझं नाही. म्हणून तू या म्हटलंस तरच मी खोगीर कसते. नको म्हणालीस तर मी चकार शब्द काढणार नाही. भाऊ आला की येईन, त्याला मिठी मारेन, तुझ्या हातचे तळलेले बोर्सोक खाईन आणि परत जाईन. मनात काही धरणार नाही, आईच्या कबरीची शपथ.

नीट विचार कर. आणि कुणाला विचारू नकोस, मलाही नाही.

लोभ तर आहेच, धपाट्यासकट घ्यावा.

तुझी वन्सं,
बुरमाकान


काराबुलाक,
२९ जून

वन्संना सलाम वि. वि.

काल जायलोवर जाऊन आले. दरसाल आपला तंबू उभारतो ना, तिथे त्यांनी यंत्र लावलंय. झऱ्याचं पाणी राखेसारखं झालंय. गाडीवरचा ड्रायव्हर आपल्यातलाच, दूरच्या कुठल्या गावचा, भला माणूस. मी दमलेली दिसले म्हणून त्याने मला पाणी दिलं. बाटलीतलं पाणी, आपल्या झऱ्याच्या काठावर! देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी प्यायले, आणि त्याच्या जागी मला आपला माणूस दिसला.

मला ते हवेत. किती हवेत ते नणंदेला कसं लिहू? रात्री मेरिमचा हात अंगावर पडला तरी मी दचकून उठते. पण ते असे आले तर रोज आपल्याच कुरणाची माती भरून आपल्याच दारावरून नेतील, आणि संध्याकाळी घरी आले की मान वर करणार नाहीत. खाली मान घालून जगायला एका घरात मी एकटी पुरे आहे.

या वन्सं. सगळ्यांना घेऊन या. हे पत्र तोक्तोच्या हातात दिलं की मी घरात जाऊन कडी लावून बसणार आहे, नाहीतर परत मागायला बसमागे धावेन.

तुमची,
कनिशाय


मॉस्को,
८ जुलै

कनिशायला सलाम.

तुझं मे महिन्यातलं पत्र मिळालं. तोक्तो तालुक्याहून इथल्या त्याच्या भावाला फोन करतो, त्याच्याकडून नंतर बाकीचंही कळलं. ताई आणि सगळ्या लेकी निघाल्यात, आणि त्यांना बोलावणं तू धाडलंस.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. अजूनही वाईटच लिहितो की काय कळत नाही. कनिशाय, तो पूल म्हणजे माझी घरी यायची वाट आहे. जगात वाटा पुष्कळ असतील, मला ही एकच मिळाली होती. त्यावर तू जाऊन बसलीस. तुझा लाल नमदा टाकून!

मला झऱ्याची किंमत सांगू नकोस. लहानपणी मी त्यातच पोहायला शिकलो. पण मेरिम आता केवढी झाली ते मला माहीत नाही. दुकानात फ्रॉक बघायला गेलो, बाईने उंची विचारली, मी हात कमरेशी धरला, मग थोडा वर केला, मग थोडा खाली. बाई वाट बघत राहिली. मी काही न घेता बाहेर आलो. झरा राहील आणि पोर मोठी होऊन जाईल, त्याचं काय करायचं?

मुकादमाने माझ्या जागी दुसरा माणूस बघून ठेवला होता. आता त्याच्या हातापाया पडून परत उभा राहिलोय. बॅग अजून उपसलेली नाही.

ऊठ, कनिशाय. मी तुला हुकूम करत नाही. कधी केला नाही. नुसतं सांगतो, ऊठ.

सुयुन


काराबुलाक,
२८ जुलै

मेरिमच्या बाबांना सलाम वि. वि.

तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. ऊठ म्हणालात. उठू कशी, मी बसलेलेच नाही. बसल्यात तुमची ताई आणि गावच्या लेकी. मी मागे किटली घेऊन उभी आहे, सुनेसारखी. ही पळवाट आहे हे मला कळतं. त्यांना बोलावलं मीच. लपवत नाही.

रागाने का होईना, पण वाचा. वन्सं घोड्यावरून आल्या, त्यांच्यामागे बाकीच्या, कुणी मोटारीने, कुणी पोरं पाठीला बांधून. एक तर सत्तरीची, तिचा बाप कधीच गेलाय. ती म्हणाली, बाप नसला म्हणून माहेर नसतं का? म्हातारे नेहमीसारखे गाड्यांपुढे चालत आले, आणि समोर आपल्याच लेकी बघून मधोमध थबकले. वन्संनी मामंजींना बसल्याबसल्या विचारलं की आबा, लेक आली, घरात मेंढी नाही का? मामंजी परत फिरले. दुपारी मेंढी कापून पुलावर पाठवली. मग प्रत्येक घरातून मांस, ताजी रोटी, घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस. न पाठवून करतात काय? लेक माहेरून उपाशी गेली तर तोंड कुठे दाखवायचं? साहेब तिकडे धुमसतायत आणि इकडे त्यांचे म्हातारे आमच्या पुलाला जेवू घालतायत.

वन्सं रोज तुमची आठवण काढतात. लहानपणी तुम्ही कोकराला आपली टोपी घातली होती ती गोष्ट रोज सांगतात. सगळ्या हसतात. मी चहा ओतते आणि मान खाली घालून ऐकते. मला त्या गोष्टीची भूक लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावीशी वाटते.

मेरिम माझ्या कमरेला लागते, पट्ट्याच्या जरा खाली. आज दाराच्या चौकटीला उभं करून बघितलं. दोरा मापून सोबत घातलाय. फ्रॉक घ्या, नका घेऊ, पण दोरा जपून ठेवा.

तुमच्या वाटेवर मी आहे हे खरं. पण ती वाट तुम्हाला घरी आणून सोडणार नव्हती हो. फक्त दारापर्यंत आणलं असतं. यापुढे मला लिहिता येत नाही. वाटलं तर शिव्या द्या, पण पाकिटात घालून द्या, निरोपाने नको.

कनिशाय


काराबुलाक,
२४ ऑगस्ट

चि. सुयुनला,
बापाचे अनेक आशीर्वाद.

तुला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मी सांगतो.

साहेब शहरातले पोलीस घेऊन आला. म्हणाला, या बायकांची नावं दुसऱ्या गावांत नोंदलेली आहेत, या बाहेरच्या. यांना बसमध्ये घालून आपापल्या घरी सोडतो. पुलावर बसायचंच असेल तर काराबुलाकच्या रहिवाशांनी बसावं. रहिवासी म्हणजे आमच्या सुना. त्या आमच्यासमोर बसणार नाहीत हे त्याला माहीत. हे बोलून तो माझ्याकडे बघून हसला. हसला नसता तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. सांगता येत नाही.

माझी लेक बाहेरची. तिला मी उठवायला उभा राहणार, आणि सुनेला बसता येऊ नये म्हणूनही मीच उभा राहणार. तिथे मला माझी लाज वाटली.

सूनबाई किटली घेऊन मागे उभी होती. मी तिच्यापुढे गेलो. ती वाकली. मी म्हणालो, बस. ती बसली नाही. पुन्हा म्हणालो. तिने पुन्हा वाकून सलाम केला. इतक्या वर्षांचं वळण, एका शब्दाने कसं जाईल? तेव्हा मी आधी खाली बसलो, नमद्यावर नाही, पुलाच्या फळ्यांवर. तिच्या हातातली किटली घेतली, वाटीत चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. आपल्या घराण्यात सुनेला कुणी चहा ओतून दिलेला नाही. थोडा सांडला, मला येत नाही. ती बसली. डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून रडली, पण बसली. मग सोनूनचा सासरा घोडागाडीतून ओरडायला लागला की मलाही खाली उतरवा, मलाही सुनेला बस म्हणायचंय. मग सगळेच.

पोलिसांतला एक पोरगा आपल्या बाजूचा निघाला. त्याने टोपी काढली आणि बाजूला झाला. परवा गाड्या परत गेल्या. वरच्या दोन्हीही उतरल्या. पुढच्या साली बघू म्हणून गेलेत. पुढच्या साली आम्हीही बघू.

साहेब जाताना म्हणाला, आता पोराला विसरा. मी घरी जाऊन तुझ्या घोड्यावर खोगीर घातलं.

तुझी नोकरी मी माझ्या तोंडाने घालवली. सूनबाईला बोल लावू नकोस. ती उभी होती माझ्यामुळे, बसली तीही माझ्यामुळे. तू कधी येशील ते विचारत नाही. विचारलं तर मला बरं वाटावं म्हणून तू खोटं लिहिशील.

छाती ठीक आहे.

तुझा बाप


काराबुलाक,
१५ ऑक्टोबर

मेरिमच्या बाबांना सलाम वि. वि.

पत्र नाही, तोक्तोकडून निरोप तेवढा आला की हिवाळाभराचं काम धरलंय, आता उन्हाळ्यात बघू. बरं. रागावलेला माणूस निरोप धाडत नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं. वन्सं खिंड बंद व्हायच्या आत गेल्या. जाताना मला धपाटा घातला आणि मग सोडेचनात. झऱ्याचं पाणी अजून पुरतं निवळलं नाही, पण मेंढ्या प्यायला लागल्यात.

घरात एक नवीन झालंय. तुम्हाला विचित्र वाटेल. पुलावरून आलो त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी दाराशी, सामोवारजवळ, एका गुडघ्यावर, मान खाली घालून चहा ओतत होते. मामंजी म्हणाले, बस म्हणालो ते पुलापुरतं नव्हतं. आणि जेवणाच्या चादरीवर त्यांच्या समोरची जागा हाताने झाडून दाखवली. आता रोज मी समोर बसते. पहिले काही दिवस चादरीकडेच बघत जेवले. मान वर करायची सवयच नाही हो! या घरात आले तेव्हापासून मामंजींचे जोडे मला पाठ आहेत, हात पाठ आहेत, पण चेहरा मी कधी नीट बघितलाच नव्हता.

परवा बघितला. मेरिमने काहीतरी आगाऊपणा केला, ते हसले, आणि मी विसरून वर बघितलं. नाक तुमचं. हसताना डावा डोळा आधी बारीक होतो तो तुमचा. हनुवटी तुमची, फक्त दाढी पांढरी. रोटी मोडून आधी कड खायची सवयसुद्धा तीच. मी बघतच राहिले. त्यांना कळलं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले की सुयुनच्या आईला तरुणपणचा मी ठाऊक होतो, तुला म्हातारपणचा सुयुन दिसला असेल. एवढं बोलून त्यांनी वाटी पुढे केली आणि दोन्ही डोळे पुसले, धूर झाला म्हणून.

तेव्हा तुम्ही म्हातारे झालेले मी बघून घेतलंय. छान दिसता. मधली वर्षं तेवढी माझी बघायची राहिलीत, ती तिकडे संपवू नका.

वाट बघतेच आहे, पण आता बसून.

तुमचीच,
कनिशाय